वाळूचा तळ

आमच्या घरी पोहण्याचा तलाव आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्याची नजर बदलते. तो आधी माझ्या चपलांकडे बघतो, मग शर्टाच्या कॉलरकडे, आणि मनातल्या मनात म्हणतो, वाटत नाही हो हा माणूस तसा. मग मला खुलासा करत बसावं लागतं. तलाव म्हणजे काय, तर घोडबंदर रोडजवळच्या चेणे गावातल्या आमच्या बैठ्या घराच्या मागे वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि सव्वाचार फूट खोल असा एक हौद. त्याला आतून फरशी नाही, निळं विनाइल आहे. विनाइल म्हणजे? तर रिक्षाच्या सीटला रेक्झिन असतं ना, त्याचा जाडजूड थोरला भाऊ. खड्ड्याच्या मापाची एकच भलीमोठी पिशवी बनवून घ्यायची, आत सोडायची, वरच्या कडेला पट्टीच्या खाचेत अडकवायची आणि पाणी भरायचं. त्या पिशवीला लायनर म्हणतात. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर माणूस हमखास विचारतो, 'मग रोज पोहता का?'

मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते सांगायला मला लाज वाटत नाही. हौद माझा नव्हताच. तो माझ्या बायकोचा होता.

ती जाऊन दोन वर्षं झाली. यंदा होळीच्या आधी त्या हौदाचं काय करायचं ते ठरवायची वेळ आली, कारण लायनर चारही कोपऱ्यांत फाटला होता आणि आत पानांचा चिखल साचून डासांची शाळा भरत होती. मीरा रोडला राहणारी आमची एकुलती एक लेक म्हणाली, 'बाबा, बुजवून टाक. माती भर, वर हिरवळ लाव. तुला पोहता येत नाही, तू एकटा राहतोस आणि घरामागे एवढं पाणी. मला रात्री झोप लागेल का?' तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, लायनर बदलायचा. का, ते मला तिला धड सांगता आलं नाही. तिची आई त्या घरात कुठे उरली होती, तर त्या खड्ड्यात. कपाटातल्या साड्या लेकीनं नेल्या, भांडी मीच वापरून वापरून माझी करून टाकली. खड्डा तेवढा तिचा होता. तो बुजवला असता तर माझ्याकडे काहीच राहिलं नसतं.

ती भाईंदर पश्चिमेच्या जुन्या कोळी घरातली. वडिलांची होडी होती आणि चालायला लागायच्या आधी ती खाडीत पाय मारायला शिकली होती, असं तिची आई सांगायची. मी गिरगावातला. माझं समुद्राशी नातं चौपाटीवर भेळ खाण्यापुरतं. लग्न करून मी तिला मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर आणली. तिथं तेव्हा सकाळी अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. पाण्यात वाढलेल्या पोरीचं अर्धं आयुष्य ड्रम भरण्यात आणि ड्रमावर झाकण ठेवण्यात गेलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केली नाही. मीच करायचो, आणि करून झाल्यावर ऑफिसला निघून जायचो.

तीस वर्षं ती शाळेत फळ्यापुढे उभी राहिली आणि निवृत्त झाली तेव्हा गुडघ्यांचं भजं झालेलं होतं. डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, शरीराचं वजन गुडघ्यावर येत नाही. म्हणून मी तिला एका क्लबात घेऊन गेलो. दोन दिवस ती गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'खाली गुळगुळीत फरशी. पाय ठेवला की सटकतो. फरशीवरच चालायचं तर घरात चालते की, डोक्याला ती रबराची टोपी कशाला?' त्याच सुमारास आम्ही चेण्यात जागा घेऊन घर बांधत होतो. एके दिवशी जेवताना तिनं डाळीत चमचा फिरवत सांगितलं, मागे एक हौद करू. आयुष्यात तिनं माझ्याकडे हट्टानं मागितलेली ती एवढीच गोष्ट. मी हो म्हटलं, पण पुढचा महिनाभर तिला 'महाराणी' म्हणून चिडवलं.

हौद बांधणाऱ्यानं तळाला वाळूत सिमेंट मिसळायचं ठरवलं होतं. तसंच करतात. तळ घट्ट होतो आणि लायनर वर्षानुवर्षं सपाट राहतो. हिनं ऐकलं नाही. पदर खोचून खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि तिनं सांगितलं, नुसती वाळू टाक. बारीक, चाळलेली. तो बिचारा समजावत होता, 'मॅडम, नरम राहील, चालून चालून खड्डे पडतील.' तेव्हा ती रागावली, आणि रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. 'मंग पडूं दे की. पाय रुतला न्हाय तर पानी कसलं तं? पानी हाय तिथं खाली वालू पायजे.' तो माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघितलं. नुसती वाळू पडली.

मग सात वर्षं तिचा नेम चालला. सकाळी सातला ती पाण्यात उतरायची, जुना सलवार-कुर्ता घालून. मी काठावर खुर्ची टाकून चहा आणि पेपर घेऊन बसायचो. एक गंमत होती. घरात मी 'अहो' होतो. पाहुण्यांसमोर, लेकीसमोर, भांडतानासुद्धा 'अहो'. पाणी कमरेपर्यंत आलं की मी 'अरे' व्हायचो. 'अरे, ऐकतोस का?' 'अरे, कालची भाजी संपव आज.' आणि रोज, न चुकता, 'ये रं आत. छातीएवढं पन पानी न्हाय. बुडून बुडशील किती?'

मी म्हणायचो, 'उद्या.'

सात वर्षं मी तिला उद्या म्हणालो. पेपरातून डोकं वर न काढता. याचा मला आता जेवढा राग येतो तेवढा जगात दुसऱ्या कशाचाच येत नाही.

ती गेली ती आठ दिवसांच्या आजारपणात. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि सकाळी सातला मी चहाचा कप घेऊन मागे आलो. पाणी तसंच होतं, निळं, स्वच्छ, आणि त्याच्यावर एकही वळी नव्हती. माझं डोकं फिरलं. हे असं शांत पडून राहायची त्याची हिंमत कशी होते, असं मला वाटलं. मी पंप लावला आणि हौद उपसून टाकला. सगळा. पाणी फणसाच्या झाडाखालून ओढ्याकडे धावत गेलं आणि मी दार लावून आत जाऊन बसलो. त्यानंतर कित्येक महिने मागे फिरकलो नाही.

विनाइलचा हौद कधीही रिकामा ठेवायचा नसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी पेपर वाचत असेन. पाण्याच्या वजनावर ते ताणून बसलेलं असतं. पाणी गेलं की ते उन्हात आकसतं, कडक होतं, आणि मग कोपऱ्यांत टरकतं. म्हणजे तिचा हौद मीच फाडला. दोन उन्हाळे लागले, एवढंच.

लायनर बदलणारा कारागीर काशिमीऱ्याहून आला. चाळिशीचा, किडकिडीत, कानाला पेन्सिल. बरोबर त्याचा जोडीदार होता, तो दिवसभरात फार तर चार शब्द बोलला असेल. कारागिरानं खड्ड्यात डोकावून विचारलं, 'अंकल, इसको खाली किसने किया?'

'मैंने किया.'

'क्यूँ?'

'ऐसे ही.'

'ऐसे ही कोई खाली करता है क्या?' तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मी भरल्या घरातला दिवा फुंकून विझवला. त्याला काय सांगणार? मी म्हटलं, 'गलती हो गया.' त्यानं टेप काढला. लांबी, रुंदी, खोली, मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं. मी टेपचं टोक धरून उभा. दीड तास आमचं हिंदी चाललं होतं, दोघांचंही सारखंच वाईट. शेवटी त्याला फोन आला आणि तो म्हणाला, 'हां आई, बोल. गोळी घेतलीस का? अगं जेवणानंतर घ्यायची ती.' मी टेप सोडून दिला.

'तुम्ही मराठी?'

'तुम्हीपण?' असं म्हणून तो हसायला लागला. आमच्या या पट्ट्यात हे नेहमीचंच आहे. दोन मराठी माणसं एकमेकांना परप्रांतीय समजून शिस्तीत हिंदी बोलत राहतात. त्यानंतर मी अंकलचा काका झालो आणि तो मला मोकळेपणानं रागावू लागला.

तीन आठवड्यांनी नवा लायनर तयार होऊन आला. एका खोक्यात, रजईसारखी घडी घातलेला. त्यांनी तो अंगणात उन्हात पसरून ठेवला. ऊन लागलं की तो मऊ पडतो आणि ताणता येतो. 'दुपारी जेवून आलो की टांगायचा,' कारागीर म्हणाला. 'संध्याकाळी गारवा आला की परत ताठतो, मग ऐकत नाही.' तोवर दोघं आत उतरून जुना लायनर काढू लागले. चिखल घमेल्यांनी बाहेर गेला. मग कटरनं त्या निळ्या पिशवीच्या पट्ट्या कापून, गुंडाळी करून वर फेकल्या. मी खुर्चीवर बसलो होतो. ते निळं कापड असं फाटताना बघवत नव्हतं, पण ते मी फाडलेलंच होतं.

शेवटची पट्टी निघाली आणि कारागीर म्हणाला, 'काका, इकडे या. हे काय झालंय बघा.'

मी काठाशी गेलो. खाली ओली वाळू होती, पिवळसर, आणि त्या वाळूत एक पायवाट होती.

दुसरा शब्द नाही. माळावर बकऱ्या जाऊन जाऊन पडते तशी, दीड वीत रुंद, चारही भिंतींपासून हातभर आत ठेवून गोल फिरलेली वाट. कोपऱ्यांत ती कापून गेली होती. गुडघ्याला काटकोनात वळवत नव्हतं, म्हणून ती तिरपी जायची. मला ते माहीत होतं, फक्त मी ते कधी असं कोरलेलं पाहिलं नव्हतं. पाण्यातून तळ सतत हलता दिसतो, नीट कळत नाही. वर लायनर, त्याच्या वर साडेतीन फूट पाणी, त्यात तिचं चालणं. आणि खाली ही वाळू सगळं धरून बसली होती.

'नुसती वाळू टाकलीय,' कारागीर वैतागून म्हणाला. 'सिमेंट नाही काही नाही. कुणी सांगितलं असं करायला?'

'मालकिणीनं,' मी म्हटलं.

मग खाली वाकून त्यानं वाटेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, 'चालायच्या का त्या?'

'रोज.'

'आणि इथं?' तो उठून माझ्या बाजूच्या भिंतीपाशी गेला. तिथं वाट थोडी फुगली होती, आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन खळगे होते. दोन पावलांचे. उजवा डाव्यापेक्षा खोल. माझा पंजा मनगटापर्यंत जाईल एवढा खोल. अख्ख्या वाटेत एवढं खोल दुसरं काही नव्हतं. 'इथं काय करायच्या? उभ्या राहायच्या?'

ती जागा बरोबर माझ्या खुर्चीसमोर होती.

मला वाटायचं, ती चालता चालता बोलते. माझ्या आठवणीत ती सतत चालतेय आणि तिचा आवाज जवळ येतोय, लांब जातोय. पण वाळू तसं म्हणत नव्हती. वाळू म्हणत होती, ती इथं येऊन उभी राहायची. चालण्यापेक्षा जास्त वेळ उभी राहायची. दुखऱ्या डाव्या पायावरचा भार काढून, सगळा उजव्यावर देऊन, माझ्याकडे तोंड करून. सात वर्षं.

मी कारागिराला विचारलं, 'हे असंच ठेवून वर लायनर टाकता येईल?'

तो लगेच नाही म्हणाला नाही. भला माणूस. खळग्यात हात घालून त्यानं खोली बघितली. 'टाकता येईल. पण पाणी भरलं की लायनर त्या खळग्यात ओढला जाणार. तिथं पातळ पडणार, चुण्या येणार, दोन वर्षांत गळणार. मग पुन्हा हेच. मी तर म्हणेन, सगळं लेवल करायचं.' मग हाताची वाळू झटकत म्हणाला, 'आणि काका, तसंही वर लायनर आला की तुम्हाला हे दिसणार नाहीच.'

ते खरं होतं. ठेवलं तरी झाकलं जाणार होतं, आणि झाकूनही टिकणार नव्हतं.

'आम्ही जेवून येतो,' तो म्हणाला. 'तुम्ही ठरवा. पण आल्यावर टांगावा लागेल, ऊन आहे तोवर.' दोघं मोटरसायकलवर बसून घोडबंदर रोडच्या धाब्याकडे गेले. माझ्याकडे एक तास होता.

मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि त्यांच्या शिडीवरून खाली उतरलो. त्या खड्ड्यात मी पहिल्यांदाच उतरत होतो. बांधला तेव्हापासून पहिल्यांदा. वाळू गार होती. मला तिच्या वाटेवरून एक फेरी मारायची होती, बाकी काही नाही. तिचं पाऊल पडलं तिथं माझं पाऊल. पण माझे पाय मोठे. दहा पावलं गेलो आणि मागे वळून बघितलं तर वाटेच्या दोन्ही कडा ढासळल्या होत्या. मी चाललो म्हणूनच ती वाट पुसली जात होती. मी मटकन खाली बसलो आणि स्वतःला मोठ्यानं एक शिवी घातली. तिथं ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आणखी दोन घातल्या.

मग मी राहिलेली वाट सोडून मधून चालत त्या दोन खळग्यांपाशी गेलो. आत पाय ठेवावा की नाही, याचा बराच विचार केला. शेवटी ठेवले. टाचा आधी, मग हळूच बोटं. माझ्या पावलांनी कडा थोड्या फुटल्या, पण तळ तिचाच राहिला. मी उजव्या पायावर भार दिला आणि वर बघितलं.

समोर खुर्ची होती. आज तिच्यावर सकाळचा पेपर पडला होता, मी टाकला होता तसाच, शेवटचं पान वर. इथून कुणी पेपर उघडून बसलेलं असलं तर त्याचं तोंड दिसत नाही. दोन हात दिसतात, दोन गुडघे दिसतात आणि मध्ये शेवटचं पान. खेळाचं पान. तेव्हा मला एक गोष्ट उलगडली. हिनं कधी पेपर हातात धरला नाही, पण कोण किती धावांवर बाद झाला, कुणाचं बोट मोडलं, कोण कुठे हरला, हे जेवताना तीच मला सांगायची. मी म्हणायचो, तुला कसं गं माहीत? ती म्हणायची, 'मला सगळं माहीत असतं.' मी हसायचो. टीव्हीवर बघितलं असेल म्हणायचो.

सात वर्षं माझी बायको पेपरच्या शेवटच्या पानाशी बोलत उभी होती. आणि वाट बघता बघता तिनं ते पान वाचून काढलं होतं.

मी तिथं रडलो. चांगला पोटभर रडलो, ती गेली तेव्हा रडलो नव्हतो तेवढा. मला ती हवी होती. फोटोतली नाही, आठवणीतली नाही, ओल्या कुर्त्यातली, डाव्या पायावरचा भार काढून उभी असलेली, मला 'अरे' म्हणणारी हवी होती. पेपर खाली ठेवायला किती वेळ लागतो? घडी घालायलासुद्धा नको, नुसता मांडीवर टाकायचा.

मोटरसायकलचा आवाज लांबून येईपर्यंत मी उभा होतो. मग ठरवलं. मी नुकतीच वाटेची एक बाजू मोडली होती, बाकीची त्यांच्या वाळू सपाट करायच्या फळीखाली जाणार होती. हे दोन खळगे तरी परक्या हातानं बुजायला नकोत. भिंतीशी त्यांचा गुरमाळा पडला होता, गवंडी प्लास्टर सपाट करायला वापरतात तो. मी गुडघे टेकून बसलो आणि बाजूची वाळू आत ओढली. आधी डावा, मग उजवा. उजव्याला जास्त वाळू लागली. वरून गुरमाळा फिरवला. मला ते काम येत नाही, उंचवटा राहिला. पुन्हा फिरवला. कारागीर काठावर येऊन उभा राहिला होता. मी वर आल्यावर तो उतरला आणि मी केलं होतं त्याच्यावर त्यानं फक्त एकदा, हलक्या हातानं फळी फिरवली.

नंतर सगळं भराभर झालं. बाकीचा तळ दोघांनी सिमेंट न घालताच सपाट केला. नवा लायनर चौघांनी, म्हणजे त्या दोघांनी, मी आणि शेजारच्या एका वहिनींनी, चार कोपऱ्यांना धरून आत सोडला. कड पट्टीच्या खाचेत दाबत दाबत सगळीकडून बसवली. मग त्यांनी लायनरच्या मागे पाईप घालून मोठ्या व्हॅक्युमनं हवा ओढली आणि ती ढगळ निळी पिशवी सुस्कारा सोडल्यासारखी भिंतींना जाऊन चिकटली. बोअरचं पाणी सोडलं. घोट्याएवढं झालं तेव्हा दोघं अनवाणी आत उतरून तळाच्या चुण्या पायांनी सारत कडेला नेऊ लागले. तळ आता टेबलासारखा सपाट होता. कुठूनही बघितलं तरी सगळीकडे एकच निळं.

निघताना कारागिरानं मला सूचना दिल्या. पाणी कधी उपसायचं नाही, कितीही राग आला तरी. तो असं का म्हणाला, मला कळलं नाही, मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. शिवाय, चालायचं झालं तर सगळीकडून चालायचं. 'रोज जागा बदला. एकाच रेषेत चाललात, एकाच ठिकाणी उभे राहिलात तर पुन्हा खड्डे पडतील. खाली वाळूच आहे, काका.'

'बरं,' मी म्हटलं.

हौद भरायला दीड दिवस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यात उतरलो. हाफ पँट आणि बनियन घालून. शिडीच्या दांड्याला अशी मिठी मारली होती की कुणी बघितलं असतं तर हसून मेलं असतं. पाणी पोटाला लागलं तेव्हा श्वास अडकला, पण ते छातीपर्यंत आलंच नाही. बराच वेळ मी दांडा धरून उभा राहिलो. मग भिंतीला हात लावून एक पाऊल टाकलं. खाली पाय रुतला, थोडासाच, आणि पुन्हा वर आला. पाण्याखाली पायाला धरून ठेवणारं काहीतरी होतं. ती जन्मभर मला हेच सांगत होती आणि मला वाटत होतं ती चेष्टा करतेय.

लेक त्या रविवारी आली. काठावर उभी राहून तिनं मला पाण्यात पाहिलं आणि ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडली नाही. खुर्चीवर बसली. तिनं फक्त एक अट घातली, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठावर ठेवायचा आणि बाहेर आलो की तिला मेसेज करायचा. तो मी करतो. एखाद्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला की तिचा फोन येतो.

आता गणपती तोंडावर आलेत. मी रोज सातला उतरतो. भिंतींपासून हातभर अंतर ठेवून, कोपऱ्यांत तिरपं कापत, एकाच रेषेत वीस फेऱ्या मारतो. मग खुर्चीसमोरच्या त्या जागी जाऊन उजव्या पायावर भार देऊन उभा राहतो आणि तिच्याशी बोलतो. भाजीचं, लेकीचं, शेजारच्या वहिनींच्या मांजराचं. बोलून झालं तरी लगेच निघत नाही. काल तिथं उभा राहिलो तेव्हा उजव्या टाचेखाली पहिल्यांदाच थोडं खोलगट लागलं. लेकीला मी हे सांगितलेलं नाही. ती लगेच कारागिराला फोन लावेल.